आधी सुटं, मग जोडून

(वसमत इथं तरुण पालकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला प्रश्न छोटा आहे. मुलांना कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहायचं इंग्रजी अक्षर, कधी शिकवायचं आणि कसं? तुमच्यापैकी बहुतेकांची मुलं तीन ते आठ वर्षांची आहेत असं मला कळलं. म्हणजे हा प्रश्न तुमच्या घरात रोज संध्याकाळी होमवर्कच्या वेळी येत असणार, आणि कधी कधी रडण्याच्या आवाजासकट येत असणार.

मी शिक्षक नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर कीबोर्ड बडवतो. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि आमच्या घरानं हा निर्णय नुकताच घेतला. तो घेताना जे वाचलं, ज्यांना विचारलं आणि घरातल्या जुन्या कागदांत जे पाहिलं, ते तुमच्यासमोर ठेवतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ. आपल्या पाचही तालुक्यांच्या गावी आता इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. मी पाहिलेल्या बहुतेक शाळांत ज्युनियर केजीतल्या चार वर्षांच्या मुलापुढे चाररेघी वही येते आणि त्यात कर्सिव्हचा कित्ता गिरवायला लावतात. आपल्या घरातल्या मुलाचा दिवस बघा. सकाळी मक्तबमध्ये कायदा, उजवीकडून डावीकडे. मग शाळेत इंग्रजी, डावीकडून उजवीकडे. शेजारच्या पानावर मराठी, जिची अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळतात, तर इंग्रजीची खालच्या रेघेवर बसतात. संध्याकाळी ट्यूशन. आणि रात्री दोन पानं कर्सिव्ह. ज्या मुलाला शर्टाचं बटण अजून नीट लावता येत नाही, त्याच्याकडून आपण जोडलेला एफ मागतो.

माझी मुलगी आधी सगळीकडे लिहायची. खडूनं दारावर शेळ्या काढायची, एसटी काढायची, आणि खाली स्वतःचं नाव मराठीत, वेलांटी उलटी, पण नाव पक्कं. कर्सिव्ह सुरू झाल्यावर चार महिन्यांत तिनं दोन गोष्टी केल्या. वही पलंगाखाली लपवायला लागली, आणि "मला लिहिता येत नाही" असं म्हणायला लागली. लिहिता येत असलेली पोर असं म्हणाली, तेव्हा घरात चर्चा सुरू झाली. माझी अम्मी, म्हणजे तिची दादी, एवढंच म्हणाली, "अभी हात कच्चा है उसका." माझी बायको म्हणाली, आधी बाईंशी बोलू.

बाई भल्या होत्या. त्यांनी खरं ते सांगितलं. "सर, मला पण पटत नाही. पण ॲडमिशनला आलेले पालक आधी वह्या बघतात. जोडलेलं अक्षर दिसलं की त्यांना शाळा चांगली वाटते."

म्हणजे मागणी आपल्याकडूनच येते. हे ऐकून मला पालकांचं हसू आलं नाही. ज्या घरात दादीनं आयुष्यभर अंगठा लावला, वडील सातवी-आठवीला शाळा सोडून गॅरेजला लागले, त्या घरात मूल इंग्रजी वाचतंय ते समजून वाचतंय की पाठ म्हणतंय, हे तपासायला कुणाकडे साधन नाही. पण वहीतलं वळणदार पान कुणालाही दिसतं. भरलेल्या फीची ती पावती वाटते. ही भावना मला समजते. तरीही ती पावती नेमकी कशाची आहे, हे बघितलं पाहिजे.

जोडून लिहिणं ही कल्पना इंग्रजांनी आपल्याकडे आणलेली नाही. आपल्या मराठीला स्वतःचं कर्सिव्ह होतं. मोडी. परंपरा तिचं नाव तेराव्या शतकातल्या यादवांच्या हेमाडपंतांशी जोडते. शिवकाळाचा आणि पेशवाईचा कारभार मोडीत चालला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वापरात होती. आपण आज शब्द लिहून झाल्यावर वर रेघ मारतो. मोडीचा लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. का? कारण त्याला दिवसाला ढीगभर पत्रं लिहायची असायची.

आणि छापील पुस्तकात दिसते त्या सुट्या देवनागरीला आपले पूर्वज काय म्हणायचे? बाळबोध. बाळाला बोध होईल अशी लिपी. नावातच उत्तर आहे. लहानांसाठी बाळबोध, कारकुनीत पडणाऱ्या मोठ्यांसाठी मोडी.

आता दुसरा वारसा बघा. तुमच्यातल्या जवळपास प्रत्येकानं लहानपणी नूरानी कायदा हातात धरला असेल. पहिली तख्ती आठवा. हुरूफ-ए-मुफ्रदात. सुटी अक्षरं. अलिफ, बे, ते. ती पक्की झाली की पुढची तख्ती, मुरक्कबात, म्हणजे जोडलेली अक्षरं. पहिली कच्ची असेल तर हाफिजजी दुसरीवर जाऊ देत नाहीत, मग तुमचे अब्बा कितीही घाई करोत. खुशनवीसी शिकवणारे उस्तादही हाच क्रम पाळतात. आधी मुफ्रदात, मग मुरक्कबात. आणि हे अशा लिपीत, जिच्यात सुटं लिहायची सोयच नाही. अरबी-उर्दू मुळातच जोडून लिहायची लिपी. तिच्यातसुद्धा शिकताना अक्षर आधी एकटं उभं राहतं.

म्हणजे बाळबोध-मोडीवाले आणि मुफ्रदात-मुरक्कबातवाले, एकमेकांना न विचारता, एकाच क्रमावर आले. आपल्या घरात हे दोन्ही वारसे आहेत. इंग्रजी वही समोर आली की मात्र दोन्ही विसरायला होतात.

या क्रमामागे एक साधं कारण आहे. जोडलेलं अक्षर लिहिणाऱ्याच्या सोयीचं असतं, सुटं अक्षर वाचणाऱ्याच्या सोयीचं. हळद विकल्यावर आडत्याच्या दुकानात मिळालेली पट्टी आठवा. मुनीमजींचा हात असा पळालेला असतो की वजन कळतं, भाव कळतो, पण कपात कशाची झाली ते त्यांनाच विचारावं लागतं. डॉक्टरांची चिठ्ठी आठवा. २०१६ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं नियमात लिहून टाकलं की औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. जिथं वाचणाऱ्याचा जीव गुंतलेला असतो, तिथं आपण सुटं अक्षर मागतो.

माझ्या धंद्यातही असंच आहे. प्रोग्रॅम लिहिताना आम्ही जो टाइप वापरतो त्यात प्रत्येक अक्षर सुटं आणि सारख्या रुंदीचं असतं. स्मॉल एल आणि एकचा आकडा वेगळे ओळखू यावेत, ही त्यातली मोठी काळजी. कारण पुढे तो कोड दुसरं कुणीतरी वाचणार असतं.

मग जोडून लिहिणं निरुपयोगी आहे का? नाही. ज्याच्याकडे लिहायला पुष्कळ आहे, त्याला वेग लागतो. दहावीचा मराठीचा पेपर ऐंशी गुणांचा, तीन तास, सगळा हातानं. तिथं हात दुखू न देता भराभर लिहिणं ही मोठी ताकद आहे. पण चार वर्षांच्या मुलाला इतकं काय लिहायचं असतं, की त्याला वेग हवा?

जगात काय चाललंय तेही थोडक्यात सांगतो, कारण "परदेशात तर कर्सिव्ह बंद झालं" असं कुणीतरी म्हणतंच. अमेरिकेत २०१० साली बहुतेक राज्यांनी जो समान अभ्यासक्रम स्वीकारला, त्यात कर्सिव्ह नव्हतं. नंतर अनेक राज्यांनी ते परत आणलं. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये पहिली ते सहावीसाठी कायदा केला. फिनलंडनं २०१६ पासून जोडलेलं अक्षर सक्तीचं ठेवलं नाही. फ्रान्समध्ये मात्र सहा वर्षांची मुलं पहिलीपासून जोडूनच लिहितात. मारिया माँटेसरी तर त्याहून लहान मुलांना जोडलेल्या वळणाची अक्षरं द्यायच्या. मग त्या चूक होत्या का? त्यांची पद्धत बघा. खरखरीत कागदातून कापलेली मोठी अक्षरं, आणि मूल त्यांवरून बोट फिरवतं. त्याआधी कितीतरी दिवस हात तयार करणारी कामं. ओतणं, निवडणं, बटणं लावणं. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्या विचाराला इथल्या मातीत रुजवलं. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी आणि गरीब मुलांसाठी बालवाडी सुरू केली, तेव्हा महाग साहित्याऐवजी आजूबाजूच्या वस्तू वापरल्या. लवकर शिकवणारेही आधी हात तयार करतात. दोन पानं होमवर्क हे त्यांतल्या कुणाचंच म्हणणं नाही.

आता "कधी?" याचं उत्तर. मी वय सांगत नाही, चार खुणा सांगतो. एक, मूल सुटी अक्षरं न बघता, योग्य ठिकाणाहून सुरुवात करून लिहितं. दोन, कुठल्याही एका भाषेत साधं वाक्य समजून वाचतं. तीन, तीन बोटांत पेन्सिल धरून दहा मिनिटं हात न दुखता बसतं. आणि चार, त्याला स्वतःचं काहीतरी लिहायचं असतं. यादी, चिठ्ठी, भांडण, काहीही. या चारही खुणा एकत्र दिसायला बऱ्याच मुलांना दुसरी-तिसरी उजाडते. एखाद्याला आधी दिसतील, एखाद्याला चौथीत. काही बिघडत नाही.

घरात बोलली जाणारी भाषा मराठी-दखनी असेल, तर लिहिण्याचं पहिलं सुख त्याच भाषेत मिळू द्या. आपण काय म्हणतो ते कागदावर उतरतं आणि दुसऱ्याला कळतं, ही जादू मुलाला एकदा कळली की ते पुढच्या लिपीत तीच शोधतं.

आता "कसं?"

कागदाच्या आधी फरशी. खडू घ्या आणि हातभर मोठं अक्षर काढा. किंवा ताटात रवा पसरून बोटानं. आपले आजोबा धुळाक्षरं गिरवायचे, त्याच चालीनं. खांदा आणि मनगट आधी शिकतात, बोटं नंतर.

एबीसीडीच्या क्रमानं जाऊ नका, वळणांच्या क्रमानं जा. सी, ए, डी, जी, क्यू, ओ ही एका गोल वळणाची भावंडं. आय, यू, टी दुसऱ्या घरातली. एल, ई, एच, के, बी, एफ उंच फासाची. एन आणि एम टेकडीची. एक वळण जमलं की पाच अक्षरं जमतात. ओ, व्ही, डब्ल्यू आणि बी यांची जोडणी वरून निघते, म्हणून ती अवघड. ती शेवटी. कॅपिटल अक्षरं जोडलीच पाहिजेत असं नाही.

रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. एक ओळ झाली की मुलालाच विचारा, यातलं सगळ्यात छान कुठलं? त्यावर त्यानंच गोल करावा. चुकलेल्यावर लाल गोल करण्यापेक्षा हा गोल जास्त शिकवतो.

आणि पेन्सिल उचलली तर उचलू द्या. अमेरिकेत १९९८ साली चौथी ते नववीच्या मुलांचं लिखाण तपासलं गेलं. काही अक्षरं जोडून, काही सुटी, असं मिसळून लिहिणारी मुलं निव्वळ कर्सिव्ह आणि निव्वळ सुटं लिहिणाऱ्यांपेक्षा वेगवान निघाली. स्वतःचं अक्षर आठवून बघा. आपल्यापैकी बहुतेकांचं तसंच आहे.

दोन गोष्टी आपल्या घरांसाठी खास. पहिली, डावखुरं मूल. जेवण उजव्या हातानं हा आपला आदब, तो शिकवा. पण लिहिण्याच्या हाताशी भांडू नका. वही जरा उजवीकडे तिरकी ठेवा आणि पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला लावा, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि पुसलं जात नाही. दुसरी, उलटी अक्षरं. बी आणि डीची अदलाबदल, आरशातल्यासारखा तीनचा आकडा, हे पाच-सहा वर्षांच्या मुलांत सर्रास दिसतं. त्यात आपली मुलं दिवसातून दोनदा दिशा बदलतात. "मक्तबमुळे गोंधळतंय" किंवा "इंग्रजीमुळे कायदा मागे पडतोय" असे निष्कर्ष लगेच काढू नका. सातवं-आठवं वर्ष उलटल्यावरही ते कायम राहिलं आणि वाचतानाही अडलं, तर जाणकाराला दाखवा.

कुणी म्हणेल, सगळं मोबाइलवर चाललंय, हातानं लिहायचंच कशाला? कीबोर्डवर पोट असलेला माणूस म्हणून उत्तर देतो. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही अक्षरं मुलांनी हातानं काढली, काही गिरवली, काही टाइप केली. नंतर तीच अक्षरं दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी संबंधित भाग हातानं काढलेल्या अक्षरांच्या वेळी जास्त जागा झाला. लक्षात घ्या, ही सुटी अक्षरं होती, आणि गिरवण्यापेक्षा स्वतः काढण्याचा उपयोग जास्त दिसला.

आणि यंत्रालाही जोडलेलं अक्षर सोपं गेलेलं नाही. उर्दू नस्तालीक संगणकावर आणण्यासाठी मिर्झा अहमद जमील या खुशनवीसानं हजारो जोडणींचे आकार हातानं काढले, तेव्हा कुठे १९८१ मध्ये नूरी नस्तालीक तयार झाली. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ मध्ये. तोवर मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

हा मुद्दा मला जिव्हाळ्याचा वाटतो. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत जमिनीचा एक कागद आहे, निजामाच्या काळातला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. आजोबांना तो कागद वाचता यायचा. अब्बा मराठी शाळेत शिकले, त्यांना येत नाही. मला येत नाही. बांधाच्या एका कामात तो लागला, तेव्हा एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे घेऊन गेलो. तेही दोन ठिकाणी अडले, कारण कागद शिकस्तात होता. म्हणजे नस्तालीकचंही पळतं रूप, ज्यात लिहिणारा नुक्ते गाळतो आणि न जुळणारी अक्षरं जुळवतो. आमच्या जमिनीचा मजकूर आमच्याच पेटीत होता, आणि आम्हालाच बंद होता.

हे फक्त मुसलमानांच्या घरातलं दुखणं नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा सगळीकडे मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. शेजारच्या मराठा कुटुंबाचा हक्क आणि आपल्या घरातला बांध, दोन्ही जुन्या जोडअक्षरांत अडकलेले. म्हणून मुलांना जोडायची घाई करू नका म्हणणारा मी, मोठ्यांना मात्र विनंती करतो. तुमच्यापैकी दोघा-चौघांनी मोडी शिका, दोघांनी जुनं उर्दू हस्ताक्षर वाचायला शिका. घरच्या पेट्यांतल्या कागदांचे फोटो काढून ठेवा, आणि वाचणारी पिढी आहे तोवर वाचून घ्या.

आमच्या घरी काय ठरलं ते सांगतो. आम्ही बाईंना लेखी विनंती दिली की दुसरीपर्यंत हिला सुटं लिहू द्या, अभ्यास कमी देऊ नका, फक्त अक्षर सुटं राहू द्या. बाईंनी मान्य केलं. याची किंमत आहे. वर्गात जोडून लिहिणाऱ्यांच्या वहीवर स्टार येतो, हिच्या येत नाही. एकदा तिनं विचारलं, "अब्बू, मला स्टार का नाही?" मी सांगितलं, स्टार जोडून लिहिण्याचा आहे, ते तू दोन वर्षांनी शिकणार आहेस. तिला ते पूर्ण पटलं असं वाटत नाही. पण वही आता पलंगाखाली जात नाही. किराण्याची यादी ती लिहिते. "साकर" लिहिते, आणि दुकानदाराला ती वाचता येते.

शाळेशी बोलताना एकटे जाऊ नका. चार पालक मिळून जा, भांडायला नको, विचारायला जा. बाईंनाही बहुतेक वेळा हेच हवं असतं, त्यांना पालकांचा आधार लागतो. आणि ॲडमिशनच्या वेळी वही बघायचीच असेल, तर मुलानं स्वतःच्या मनानं लिहिलेलं एखादं वाक्य आहे का, ते शोधा. कित्त्यातली वाक्यं सगळ्यांच्या वहीत सारखीच असतात.

तहसीलसमोर अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टेबलापुढे आपल्या बायाबापड्यांची रांग तुम्ही पाहिली असेल. रेशनकार्डातलं नाव, विधवा पेन्शन, माहितीच्या अधिकाराचा अर्ज. पैसे देऊन आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायचं. मूल पाचवी-सहावीत गेलं की त्याला एक काम द्या. घरातला एखादा खरा अर्ज, मराठीत, त्याच्या हातानं. आधी कच्चा, मग पक्का. अक्षर जोडलेलं असो की सुटं, खिडकीपलीकडच्या साहेबाला एका दमात वाचता आलं पाहिजे, आणि खाली अम्मीची सही तिनं स्वतः करावी. ती सही येत नसेल, तर ती शिकवायचं काम नातवंडांकडे द्या. दहा मिनिटं रोज, खडू आणि फरशी.